130 इंचांचं हरीण

पाच दिवस परफ्यूम नाही, डिओ नाही, शाम्पू केलाच तर बिनवासाचा. कपडे वेगळ्या साबणाने धुऊन हवाबंद पिशवीत. दादाने ही यादी वाचून दाखवली तेव्हा मला वाटलं, हा मला विपश्यनेला नेतोय.

‘‘अगं, हरणाला वास येतो. तुझ्या त्या बॉडी मिस्टने अख्ख्या डोंगरातली हरणं पळतील!’’

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मिनियापोलिसला आयटीत आहे. पुण्यात असताना बाथरूममध्ये झुरळ दिसलं की मावशीला हाका मारायचा. आणि हा पठ्ठ्या आता क्रॉसबो घेऊन गाइडेड हंटला निघाला होता, मिसिसिपी नदीपलीकडे विस्कॉन्सिनच्या बफेलो काउंटीत. मी नोव्हेंबरमध्ये त्याच्याकडे सुट्टीला गेले होते. नुसतं बघायला आलं तर चालेल का, असं त्याने विचारलं. गाइड म्हणाला, चालेल, पण गप्प बसता येतं का तिला? (दादा यावर जरा जास्तच वेळ हसला.)

व्हाइटटेल म्हणजे शेपटीखालून पांढरंशुभ्र असणारं हरीण. घाबरलं की शेपूट वर करून झेंड्यासारखं मिरवत पळतं. बफेलो काउंटी त्याच्या मोठ्या शिंगांसाठी अमेरिकाभर प्रसिद्ध. उभे कडे, मधल्या घळींत झाडी आणि सपाटीवर मका-सोयाबीन. हरणांचं थ्री स्टार हॉटेलच म्हणा ना. पाच दिवसांचे साडेतीन हजार डॉलर, म्हणजे तीन लाखांच्या आसपास. त्यात खाट, नाश्ता, मचाण आणि गाइड. हरीण त्यात धरलेलं नाही! गॅरंटी नाहीच, उलट दंड आहे. 130 इंचांपेक्षा कमी शिंगांचा नर मारलात तर 500 डॉलर जादा.

हे इंच म्हणजे शिंगाची लांबी नव्हे. दोन्ही मुख्य दांड्यांची लांबी, त्यावरच्या प्रत्येक टोकाची लांबी, ठरलेल्या चार-चार ठिकाणचा घेर आणि दोन शिंगांमधलं आतलं अंतर, अशी सगळी बेरीज. बून अँड क्रॉकेट क्लबच्या कायमच्या रेकॉर्डबुकात शिरायचं तर 170 लागतात. तिथे डावी-उजवी बाजू सारखी नसली की फरक वजा, चक्क निगेटिव्ह मार्किंग! टेक्सासात उंच कुंपणाच्या आत वाढवलेली प्रचंड शिंगांची हरणंही मारायला मिळतात, पण ती हा क्लब वहीत घेत नाही.

आमचा गाइड साठीचा होता. मी मनातल्या मनात त्याला काका म्हणायला लागले. काकांचं म्हणणं, व्हाइटटेल हे एक जनावर नाहीच, दर महिन्याला वेगळं जनावर. उन्हाळ्यात शिंगांवर मखमल असते, नर टोळीने सोयाबीनच्या शेतात येतात, अगदी घड्याळ लावून. तेव्हा फक्त कॅमेऱ्यात बघायचं. सप्टेंबरच्या मध्यावर धनुष्यबाणाचा सीझन उघडतो तोवर मखमल बहुतेक गळालेली असते आणि टोळ्या फुटायला लागलेल्या असतात. ऑक्टोबरात ओकची फळं पडतात. मग शेत सोडून साहेब झाडीतच जेवतात, दिसतच नाहीत. नोव्हेंबरमध्ये माज. वर्षभर जपून पाऊल टाकणारा नर मादीच्या मागे भर दुपारी रस्ता ओलांडतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचे नऊ दिवस सुरू होतात. राज्यात पाच लाखांहून जास्त लोक भडक नारिंगी जाकिटं घालून रानात उतरतात आणि शहाणी हरणं रात्रीचीच फिरतात. डिसेंबरमध्ये बर्फ. तेव्हा माज-बिज विसरून सगळा जीव पोटात, ज्याच्या शेतात मका उभा तिथे हरीण हजर. पुढे हिवाळा सरता सरता शिंगं गळून पडतात आणि वसंतात पुन्हा नवी फुटतात.

म्हणजे ज्या भिंतीवरच्या वस्तूसाठी दादा तीन लाख घालत होता, ती हरीण दरवर्षी आपण होऊन टाकून देतं! काका त्या वेळी कुत्रा घेऊन गळालेली शिंगं गोळा करतात. त्यांचे फार पैसे होत नाहीत म्हणाले.

भिंतीवरून आठवलं. आमच्या आजोळी दिवाणखान्यात सांबराची शिंगं होती, पणजोबांच्या वेळची. दादा नि मी त्यांना टोप्या अडकवायचो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकारीला लगाम बसला, 1991 च्या दुरुस्तीने उरलीसुरली संपली. 2003 मध्ये घरातली असली शिंगं-कातडी जाहीर करायची मुदत आली तेव्हा आजोबा फॉर्म घेऊन वनखात्यात गेले होते, एवढं अंधूक आठवतं. आपल्याला शिकार म्हटलं की एकतर पणजोबा आठवतात, नाहीतर 1998 चं जोधपूरचं काळवीट. तीन लाखांचं पॅकेज नाही आठवत.

मी दादाशी यावरून भांडले. त्याच्याकडे उत्तरं तयार होती, लायसन्ससाठी कोर्स केलाय ना त्याने! 1900 च्या सुमारास अमेरिकेत जेमतेम पाच लाख व्हाइटटेल उरली असावीत, आज अंदाजे तीन कोटी. रानटी हरणाचं मांस विकायला बंदी आली, सीझन ठरले, 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. लांडगे बऱ्याच भागांतून गेलेत, मग संख्या कोण आवरणार? सगळं पटलं मला. पण दादा, संख्या आवरायची तर माद्या मारायला हव्यात. एक नर कमी झाला म्हणून पुढच्या वर्षी पाडसं कमी होत नाहीत. दाखले सगळे मादीचे आणि पैसे शिंगांचे, असं कसं? तो म्हणाला, ‘‘झोप आता. चारला उठायचंय.’’

तिसरा दिवस. उणे सहा. खांबांवर उभी केलेली लाकडी खोली, तीन खिडक्या, दोन खुर्च्या. काकांनी वाऱ्याची दिशा बघून आदल्या दिवशीचं मचाण बदललं होतं. अंधारात पानांवरून एक खार गेली, मला वाटलं रेडा आला. साडेसातला एक मादी धापा टाकत घळीतून वर आली आणि तिच्यामागे तो. डुकरासारखा हुंकार देत, मान खाली, जणू जगात दुसरं काही नाहीच. बावीस यार्डांवर तो थांबला. आठ टोकं. त्याच्या नाकातून वाफ येत होती.

दादाचा श्वास मला ऐकू येत होता. मी मोबाइलवर शूट करत होते आणि मनात एकच, नको मारूस, नको मारूस. दादाने बो उचलला. शिंगं कानांच्या किती बाहेर जातात त्यावर अंदाज करायचा असतो, ते तो करत असणार. मग त्याने बो खाली ठेवला. मादी पळाली, तो तिच्यामागे गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

‘‘दया आली?’’ मी कुजबुजले.

‘‘नाही गं. 120 चा असेल. पाचशे डॉलर दंड आहे.’’

दुपारी काकांनी माझा व्हिडिओ दोनदा बघितला. ‘‘135,’’ ते म्हणाले. दादाचा चेहरा... जाऊ दे.

तो पुन्हा दिसला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी तीन माद्या आल्या. दादाकडे लायसन्सबरोबर मिळालेला मादीचा टॅग होता आणि काकांनी सकाळीच सांगितलं होतं, मिळाली तर घेच, माद्या फार झाल्यात. या वेळी त्याने मोजमाप केलं नाही. बाण लागल्याचा आवाज मऊ असतो, ते मला माहीत नव्हतं. अर्धा तास थांबायचं असतं, लगेच मागे गेलं तर ती जखमी अवस्थेत लांब पळते. मग टॉर्च, पानांवर रक्ताचे थेंब. सत्तर-ऐंशी पावलांवर ती पडली होती.

‘‘हिची पाडसं?’’ मी काकांना विचारलं. मे-जूनमध्ये झालेली असतात, आता दूध सुटलेलं असतं, जगतात, असं ते म्हणाले. सरळ म्हणाले, समजूत घालायला नाही. पोट फाडताना मी बघणार नव्हते. बघितलं. दादाने सगळं स्वतः केलं, काका फक्त सुरी कुठे फिरवायची ते सांगत होते. परतताना जीपमध्ये तो एक शब्द बोलला नाही. रात्री चार वेळा हात धुतले.

आणि एवढं करून लगेच खाताही येत नाही! विस्कॉन्सिनमध्ये 2002 पासून हरणांत सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग सापडतोय. माणसाला झाल्याचं सिद्ध नाही, पण तपासल्याशिवाय खाऊ नका असा सल्ला असतो. तपासणीसाठी मुंडकं तिथेच दिलं. मिनेसोटात अख्खं हरीण नेता येत नाही, म्हणून हाडं काढून मांस फ्रीझरच्या खोक्यात भरलं. वहिनीने खोक्यावर मार्करने लिहिलं : रिपोर्ट येईपर्यंत हात लावू नये.

रिपोर्ट आला तेव्हा मी पुण्यात पोचले होते. ‘नॉट डिटेक्टेड’ आणि खाली फोटो. काळ्या मसाल्यातला रस्सा, आजोळी करायचे तसा, शेजारी बाजरीची भाकरी. पहिल्यांदा रस्सा केला तेव्हा मटणाला असते तशी चरबीच नाही म्हणून बिघडला, दुसऱ्यांदा जमला, असं वहिनी म्हणाली.

टीव्हीवरची भिंत अजून रिकामीच आहे. पुढच्या नोव्हेंबरचं डिपॉझिट दादाने भरलंय. मी विचारलं, या वेळी नर की मादी? म्हणाला, दोन्ही टॅग घेतोय. दंड मात्र वाढलाय का ते काकांना विचारून ठेवलंय.