चांगल्या संगणकाचं तेरावं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला आणि आमच्या हेंद्रेपाड्यात भंगारवाल्याच्या गाडीवर सीपीयूचे डबे दिसायला लागले. कारण विचारा, उत्तर एकच: ‘विंडोज अकरा चढत नाही.’ खरं आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक संगणक बाद. पंखा फिरतोय, रॅम ठीक आहे, हार्ड डिस्क कुरकुरत का होईना चालतेय, तरी बाद. २६ जुलै २००५ ला पाण्याखाली गेलेले संगणक खरे मेले होते. या डब्यांना काय झालंय?

मायक्रोसॉफ्टवर मी फार चिडत नाही. ती कंपनी आहे, तिला माल विकायचाय. चीड येते ती आमच्या जमातीची. रोज सकाळी बदलापूरहून लोकलला लटकून ठाणे-ऐरोलीला जाणारे आम्ही आयटीवाले शेजारच्या काकांना बिनदिक्कत सांगतो, ‘काका, नवीन घ्या, याच्यात काही राहिलं नाही.’ पगार सॉफ्टवेअरचा घ्यायचा आणि सल्ला दुकानदाराचा द्यायचा! काकांच्या घरात दहावीतली मुलगी आहे, नवीन लॅपटॉप चाळीस हजारांना, म्हणजे तो येणार नाहीच. येतो तो ईएमआयवरचा फोन.

आता कामाचं बोलू. पडद्यावर खिडक्या दाखवणं हे विंडोजमध्ये मूळ व्यवस्थेला चिकटून येतं, वेगळं काढता येत नाही. लिनक्समध्ये ते वेगळं असतं. १९८४ मध्ये एमआयटीत ‘एक्स’ नावाची प्रणाली सुरू झाली, १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि आजही आपण एक्स११ च म्हणतो. तेव्हाच्या यंत्रांची मेमरी काही एमबींत मोजायची. एक्स फक्त चित्र पडद्यावर पोचवतो आणि कीबोर्ड-माऊसच्या हालचाली प्रोग्रामला कळवतो. खिडकीची चौकट, कोपऱ्यातली फुली, हे विंडो मॅनेजरचं काम. त्यावरचा डेस्कटॉप आणखी तिसरा. तीन वेगळे भाग, हवे तेवढेच घ्या. जुन्या यंत्राला नेमकं हेच मानवतं.

२ जीबी रॅमच्या डब्यावर डेबियन टाकताना इन्स्टॉलर डेस्कटॉप कोणता विचारतो, तिथे सगळ्या खुणा काढा. नुसती काळी पाटी येईल, घाबरू नका. मग एक्सऑर्ग आणि आइसडब्ल्यूएम किंवा ओपनबॉक्स टाका आणि ‘स्टार्टएक्स’ म्हणा. ४ जीबी असेल तर सरळ एक्सएफसीई. हे सगळं सोर्सपासून बांधायचा पराक्रम कशाला करायचा? एके काळी मॉनिटरच्या फ्रिक्वेन्सी हाताने फाइलमध्ये लिहायच्या असत आणि चुकल्या तर मॉनिटर बिघडायची भीती. २००५ च्या अखेरीस एक्स११ ची सातवी आवृत्ती सुट्या तुकड्यांत आली. आज कार्ड बहुधा आपोआप ओळखलं जातं. फार जुनं कार्ड असेल तरच त्रास, कारण मेसाने २०२२ च्या आवृत्तीत जुने ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून ‘अँबर’ शाखेत ठेवले. आणि जुना म्हणजे ३२-बिटच असं धरून चालू नका. २००६ चा कोअर टू ड्युओसुद्धा ६४-बिट आहे. हे तपासणं महत्त्वाचं, कारण ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ ला ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही.

इथे मुक्त सॉफ्टवेअरवाल्या आपल्या मित्रांनाही चार शब्द सुनवायला हवेत. नोम ४९ ने एक्स११ चं सत्र आपणहून बंद ठेवलं, केडीईनेही पुढे फक्त वेलँडच ठेवायचं जाहीर केलंय. वेलँड वाईट नाही. एक्समध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप केलेलं वाचता येतं, हे आजच्या काळात धोक्याचंच. पण निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर १६ जीबीचा लॅपटॉप असतो, ग्राफिक्स कार्ड ताजं असतं. ‘जुनं हार्डवेअर वाचवा’ हे स्टिकर त्याच लॅपटॉपवर चिकटवलेलं असतं.

ब्राउझर हे खरं दुखणं आहे, ते लपवत नाही. खिडक्यांना शे-दोनशे एमबी पुरते, यूट्यूब आणि चार टॅब उरलेलं सगळं खातात. फायरफॉक्सनेही २०२५ मध्ये ३२-बिट लिनक्सचा हात सोडला. तेव्हा जुनी रॅमची पट्टी आणि लहानशी एसएसडी टाका, लॅपटॉपच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.

तुम्ही हे फोनवर वाचताय. लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो, तो अंगठ्याने येत नाही. त्याला कीबोर्ड लागतो आणि रोज तासभर सराव. एक्सच्या कीबोर्ड मांडण्यांत मराठी आयतीच असते, बाहेरून काही उतरवावं लागत नाही. क्लासच्या फीशिवाय, घरच्या घरी, त्याच ‘बाद’ डब्यावर.

कुणी केलंय का असं? गोव्यात, शेजारीच. या शतकाच्या सुरुवातीला गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने परदेशातल्या गोवेकरांच्या मदतीने वापरलेले संगणक आणले, त्यांवर लिनक्स टाकलं आणि शाळांना दिले. तेव्हा इंटरनेट मोडेमवर रांगत होतं. आमच्याकडे आज फायबर आहे, गल्लीगल्लीत इंजिनिअर आहेत आणि सोसायट्यांत ई-कचरा संकलनाच्या दिवशी बॅनरपुढे फोटो निघतात. त्या टेबलावर एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि ८ जीबीचा पेन ड्राइव्ह ठेवा. आलेला प्रत्येक डबा आधी चालू करून बघायचा, चालला तर टेम्पोत चढवायचा नाही. पुढच्या संकलनाच्या रविवारी मी तिथे बसणार आहे. एक्स्टेंशन बोर्ड कमी आहेत, घरून येताना आणा.