तडजोडीवर सही केलीत, आता ताबा सोडा

लोकअदालतीत पॅनेलसमोर तुम्ही तडजोड पुरसीसवर सही केलीत. वडिलोपार्जित जमिनीतले विहिरीकडचे वीस गुंठे बहिणीला, मोजणीचा खर्च निम्मा-निम्मा, सातबाऱ्यावर तिचे नाव लागताना हरकत घ्यायची नाही, हे सगळे तुम्हाला वाचून दाखवले होते. त्याच भरवशावर तिने बाकीचा हिस्सा सोडला. तरी पेरणी आली की त्या वीस गुंठ्यांत नांगर तुमचाच, आणि फेरफाराला हरकत घ्यायलाही तुम्हीच पुढे. मोजणीदाराने रोवलेले हद्दीचे दगड दुसऱ्या दिवशी बांधावरून नाहीसे होतात. असे वागणाऱ्या प्रत्येक भावाला, काकाला आणि पुतण्याला हा जाहीर इशारा आहे.

तुम्ही ज्याला ‘आपसातला कागद’ म्हणता तो हुकूमनामा आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 21 प्रमाणे लोकअदालतीच्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याचे बळ आहे आणि त्यावर अपील नाही. तडजोड चालू दाव्यात कोर्टापुढे झाली असली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96(3) ने अपिलाची वाट बंद आहे. ती बेकायदा ठरवून घ्यायला वेगळा दावाही लावता येत नाही. खरोखर फसवून सही घेतली असेल तर हुकूमनामा करणाऱ्या त्याच कोर्टात पुरावा घेऊन जा. लोकअदालतीचा निवाडा असेल तर उच्च न्यायालयात जा. ‘तेव्हा नीट समजलं नव्हतं’ एवढ्यावर काही होणार नाही.

दरखास्त दाखल झाली की काय होते तेही ऐका. शेतजमिनीच्या वाटपाचे कागद कलम 54 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, मोजणी होते, नकाशा होतो आणि हिस्सा वेगळा करून ताबा दिला जातो. घर किंवा खोली असेल तर बेलिफ वॉरंट घेऊन दारात येतो. बायकांना बाहेर पडायला वेळ देऊन, ताकीद देऊन, कुलूप तोडायचा अधिकार त्याला आदेश 21 नियम 35 ने दिला आहे. पंच असतात, पंचनामा होतो, लागला तर पोलीस बंदोबस्तही मागता येतो. खरेदीखत करून द्यायचे कबूल करून टाळलेत, तर नियम 34 प्रमाणे कोर्टच तुमच्या वतीने सही करते. मेहुण्याला हरकतदार म्हणून उभे करायची युक्ती जुनी आहे. ती हरकत त्याच दरखास्तीत निकाली निघते, आणि कारण नसताना अडवणूक चालूच राहिली तर तुम्हाला आणि त्याला तीस दिवसांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. दरखास्त वर्षानुवर्षे रेंगाळेल या आशेवर बसू नका. ती सहा महिन्यांत निकाली काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली राहुल शाह प्रकरणात खालच्या कोर्टांना बजावले आहे.

बहिणीला ‘दरखास्त लावलीस तर माहेर बंद’ असे सांगणाऱ्यांची मला चीड येते. सही करताना माहेर तुमच्याही तोंडी होते. हिस्सा कमी घ्यायला तिला त्याच शब्दावर तयार केलेत.

बहिणींनो, तुम्हीही गप्प बसू नका. ताब्याच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागायला मुदत बारा वर्षांची आहे. ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता ती सरते. निवाड्याची सही-शिक्क्याची नक्कल आजच काढून घरात ठेवा.

आता शेवटची मुदत. खरिपाचे उभे पीक तुम्ही पेरले आहे, ते काढून न्या, त्यावर आमचे भांडण नाही. दसऱ्यापर्यंत मोजणीची तारीख घ्या, फेरफारावरची हरकत लेखी मागे घ्या आणि ताबापावतीवर सही करा. रब्बीची पेरणी त्या वीस गुंठ्यांत तीच करील. दसरा उलटला आणि तुमचा नांगर पुन्हा तिथे दिसला, तर सुट्टीनंतर कोर्ट उघडेल त्या पहिल्याच दिवशी दरखास्त दाखल होईल. कागद तयार आहेत, तिची सही झालेली आहे. त्यानंतर मध्यस्थ घेऊन आमच्याकडे येऊ नका.