खारं पाणी, गोडं पाणी

घरात वाय-फाय एकच असावं आणि त्याचा पासवर्डही एकच असावा, असं मानणाऱ्या मंडळींशी माझं वैर आहे. या मंडळींत बनोसा धरून अख्खं दर्यापूर येतं. आमची ही तर त्यांची पुढारीच.

आमच्याकडे पाहुणा चपला काढता काढता पासवर्ड मागतो आणि मग पाणी. भाच्याचे मित्र, हळदीकुंकवाच्या बायका, सगळे आत! आत म्हणजे कुठं? तर ज्या मोबाईलवरून मी अण्णांच्या पेन्शनचा हिशेब पाहतो, त्याच्या मांडीला मांडी लावून. शेजारी दारावरचा स्वस्तातला कॅमेरा, तोही त्याच पंगतीला. आमच्या बँकेत कॅशिअरच्या पिंजऱ्यात कुणी चहा प्यायला बसतं का?

"आपल्या घरी काय हाय चोराले?" असं लोक म्हणतात. अहो, चोराला घर नको, कॅमेराच हवा असतो! २०१६ साली 'मिराई' नावाच्या किडीनं, कारखान्यातला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता असे ढिगानं कॅमेरे फितवले. २१ ऑक्टोबरला त्या फौजेनं केलेल्या हल्ल्यात अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स तासन् तास अडलं.

म्हणून मी दुकानात गेलो. दुकानदारानं सहा शिंगांचा राउटर काढला.

"घ्या भाऊ, गच्चीवर रेंज येते."

"रेंज नको, मधे भिंत पाहिजे."

"मंग गवंड्याकडे जा ना!"

मग त्यानं आठ भोकांचा साधा स्विच दाखवला. साधा स्विच म्हणजे गावपंगत. कुणीही कुणाच्या पानाला हात लावावा. वायरीचे कॅमेरे वेगळे बसवायचे तर 'मॅनेज्ड' स्विच लागतो. ८०२.१क्यू नावाच्या नियमानं तो प्रत्येक निरोपाला क्रमांकाची चिठ्ठी डकवतो आणि पंगती वेगळ्या मांडतो. मात्र राउटरलाही ती चिठ्ठी वाचता आली पाहिजे, आणि या पंगतीतून त्या पंगतीत जाऊ द्यायचं नाही, हे त्याला बजावलं पाहिजे. नाहीतर भिंत बांधली आणि दार सताड उघडं! वायरीच नसतील त्यानं 'गेस्ट'ची सोय असलेला राउटर घ्यावा, पाहुणे, कॅमेरा, टीव्ही तिकडे घालावेत आणि कारखान्यातला पासवर्ड आधी बदलावा. मोबाईलवरचं चित्र मग टीव्हीवर जाणार नाही कदाचित. न जावो.

अहो, आपण खारपाणपट्ट्यातली माणसं! बोअरचं पाणी वापरायला, नळाचं प्यायला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे पोरासोरांना ठाऊक. दोन्हींचा पाइप जोडणाऱ्याला आपण वेड्यात काढू. मग विजेच्या या नळालाच एवढी सूट कशापायी?

हे भाषण मी घरी दिलं. हिला पटलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर फ्रिजवर कागद, त्यावर ठळक अक्षरात: खारं, गोडं. आणि दोन्हींपुढे पासवर्ड.