श्रेयांक कुणाला, श्रम कुणाचे?



पत्रकारिता, जाहिरात, जनसंपर्क, चित्रवाणी असे विषय घेऊन पदवी करणाऱ्या मुली आज जिल्ह्याच्या गावीही भेटतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर या मुलींच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा जाहीर केला, त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात आणि त्यांतले २ ते ४ श्रेयांक इंटर्नशिपचे असतात. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे ४ श्रेयांकांना १२० तास काम, असा हा हिशेब आहे.

या बदलाचे स्वागतच करायला हवे. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसल्याशिवाय बातमी लिहिता येत नाही आणि स्टुडिओत उभे राहिल्याशिवाय कॅमेरा कळत नाही. शिवाय श्रेयांकाचा एक फायदा आपल्याला चटकन लक्षात येईल. ज्या घरात मुलीला संध्याकाळी सातनंतर बाहेर राहायची परवानगी नसते, तिथे “कॉलेजचे आहे, मार्क आहेत” हे वाक्य उपयोगी पडते. कॉलेजचे पत्र हा तिच्यासाठी उंबरठा ओलांडण्याचा परवाना ठरतो.

पण या परवान्याची किंमत कोण देते, हे पाहायला हवे. १२० तास म्हणजे रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस. प्रत्यक्षात अनेक माध्यम-कचेऱ्या दोन-तीन महिने मागतात आणि पुष्कळ ठिकाणी हातावर एक पैसाही ठेवत नाहीत. त्या बदल्यात मिळते ते प्रमाणपत्र आणि श्रेयांक. मुंबई-पुण्यात आईवडिलांचे घर असलेली मुलगी हे कसेबसे निभावून नेईल. बीडच्या ऊसतोड कामगाराच्या किंवा गडचिरोलीच्या शेतमजुराच्या मुलीने मुंबईतल्या खोलीचे भाडे, खानावळ आणि लोकलचा पास कुठून आणायचा? मग तिची इंटर्नशिप गावातच कशीबशी कागदावर पूर्ण होते आणि मोठ्या कचेरीतली पुढची नोकरी तिथे आधीच ओळख झालेल्या मुलीला मिळते. उद्या कोणाची बातमी छापली जाईल आणि ती कोण लिहील, याचा निवाडा असा पदवीच्या वर्गातच होऊन जातो.

श्रेयांक हे शिकण्याचे मोजमाप आहे. त्याला श्रमाचा मोबदला समजणे ही गल्लत आहे, आणि आपल्याला ती नवी नाही. घरकामाला माया म्हटले की त्याचे दाम द्यावे लागत नाहीत. अंगणवाडी सेविकेच्या पगाराला मानधन म्हटले आणि ‘आशा’ला स्वयंसेविका ठरवले की वेतनाचा प्रश्नच उरत नाही. शब्द बदलला की श्रम दिसेनासे होतात. ‘शिकाऊ’ या शब्दाची जात तीच आहे.

अमेरिकेत हा प्रकार फार पूर्वीपासून चालत आला आहे. तिथे अनेक विद्यापीठांत श्रेयांकागणिक शुल्क भरावे लागते, म्हणजे विद्यार्थिनी पदरचे पैसे भरून फुकट राबते. ‘ब्लॅक स्वान’ या चित्रपटासाठी बिनपगारी राबलेल्या इंटर्न्सनी २०११ मध्ये कंपनीवर खटला भरला. २०१३ मध्ये न्यायालयाने ते कर्मचारीच असल्याचे सांगितले. पण २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि मुख्य लाभ कुणाचा होतो ते तपासावे, अशी नवी कसोटी दिली. काम शिक्षणाशी, श्रेयांकाशी जोडलेले आहे का, हा त्या कसोटीतला एक मुद्दा आहे. थोडक्यात, श्रेयांक दिले की पगार टाळायला मालकाच्या हाती एक सबब येते.

त्याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. न्यूयॉर्कच्या एका मनोरुग्णालयात क्षेत्रकार्य करणाऱ्या समाजकार्याच्या विद्यार्थिनीने लैंगिक छळाची दाद मागितली. तिला पगार नव्हता, म्हणून ती कर्मचारी नाही, म्हणून कायद्याचे संरक्षण नाही, असा निकाल १९९७ मध्ये लागला. २०१३ मध्ये एका वृत्तवाहिनीतल्या बिनपगारी इंटर्नच्या बाबतीत न्यूयॉर्क शहराच्या कायद्याखाली हेच घडले. त्यावर ओरड झाल्यावर २०१४ मध्ये शहराने कायदा दुरुस्त केला.

आपल्याकडचा कायदा या बाबतीत पुढे आहे, आणि तो चळवळीने मिळवलेला आहे. विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये झालेल्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात पगारी-बिनपगारी, स्वेच्छेने काम करणारी, प्रशिक्षणार्थी, शिकाऊ अशा सगळ्याजणी येतात. आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी तर इंटर्नशिपची जागाही ‘कॅम्पस’मध्ये धरली आहे. म्हणजे मुलगी कचेरीच्या समितीकडे जाऊ शकते आणि तिचे कॉलेजही हात झटकू शकत नाही. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या छोट्या जाहिरात संस्थेत किंवा निर्मितीगृहात समिती नसेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत मात्र तीन महिन्यांची आहे, सबळ कारण असेल तर ती आणखी तीन महिने वाढते.

प्रश्न आहे तो हे तिला सांगणार कोण. ज्या माणसाच्या सहीवर तिचे श्रेयांक अवलंबून आहेत, त्याच्याविरुद्ध ती कशी बोलेल? इंटर्नशिप संपेपर्यंत, निकाल लागेपर्यंत ती गप्प राहते आणि तोवर मुदत निघून जाते.

समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य फार जुने आहे. तिथे आठवड्यातले ठरावीक दिवस संस्थेत जायचे, प्रत्येक दिवसाचा अहवाल लिहायचा आणि कॉलेजच्या मार्गदर्शकाबरोबर नियमाने बसून त्यावर बोलायचे, अशी रीत आहे. ती निर्दोष आहे असे नाही. पण संस्थेबाहेरचे कुणीतरी मुलीला नियमाने विचारत असते, ही तिची मोठी जमेची बाजू. माध्यमांच्या इंटर्नशिपला एवढे तरी हवे.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. कॉलेज आणि कचेरी यांच्यात लेखी करार हवा आणि त्यात कामाचे तास व कामाचे स्वरूप नमूद हवे. ठरल्या तासांवरच्या कामाला पैसे हवेत, आणि ठरल्या तासांतही प्रवास-जेवणाचा खर्च हवा. गरीब मुलींसाठी कॉलेजने शिष्यवृत्ती काढावी. मूल्यमापनाचा मोठा भाग कचेरीच्या हाती न देता शिक्षकांकडे ठेवावा. आणि समितीच्या सदस्यांची नावे, फोन नंबर पहिल्याच दिवशी मुलीच्या हातात पडावेत.

यातले काही काम आजच आपल्या हाती आहे. आपल्यापैकी अनेकजणी अशा समित्यांवर बाहेरच्या सदस्य आहेत. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: तुमच्याकडे इंटर्न किती आणि त्यांना ही समिती माहीत आहे का? दुसरे, आपल्या संघटनांतही या मुली येतात. पोस्टर करतात, मोर्चाचे चित्रीकरण करतात, अहवाल टाईप करतात. पैशाची चणचण आपल्यालाही असते, हे खरे. पण तिच्या बसभाड्याची सोय, तिच्या कामावर तिचे नाव आणि तिच्याशी बसून बोलायला आठवड्यातला एक तास, इतके द्यायला अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. बाईच्या श्रमाला किंमत मागणाऱ्या आपण. तो हिशेब आपल्या कचेरीतही लागू आहे.

आपल्या गावातल्या मुलींचे अनुभव आणि आपल्या गटाने काय ठरवले, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलूया.