वजन कमी करणारे इंजेक्शन आयुष्मान कार्डवर मिळते का?

नाही. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावर. डिस्चार्जनंतरची औषधेही १५ दिवसांपर्यंतच. दर आठवड्याला घरी टोचायचे सेमाग्लुटाइड त्यात बसत नाही. म्हणजे खर्च तुमचा. तो किती काळ चालेल, हे आधी पाहा.

जेवल्यावर आतड्यातून इन्क्रेटिन नावाची संप्रेरके निघतात. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात. त्यांपैकी जीएलपी-१ भूकही कमी करते. हे इंजेक्शन त्याचीच नक्कल करते. २०२१ च्या एका चाचणीत (चाचणी म्हणजे इथे रक्ततपासणी नव्हे, माणसांना औषध देऊन केलेला अभ्यास) मधुमेह नसलेले १,९६१ जण होते. ६८ आठवड्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांचे वजन सरासरी १५ टक्के घटले, औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांचे अडीच टक्क्यांच्या आसपास. मग औषध थांबवले. वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले.

बातम्यांत पहिला आकडा मोठा असतो, घरखर्चासाठी दुसरा महत्त्वाचा. उसनवारी करून तीन-चार महिने घेऊ आणि मग सोडू, असा विचार असेल तर पैसे जातील आणि वजन बहुधा परत येईल. औषध निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. हृदयविकार आणि जादा वजन असलेल्या १७,६०४ जणांच्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने मृत्यू यांचा एकत्रित धोका २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये दिसले. मळमळ, उलट्या हे त्रास नेहमीचे. पोटात तीव्र दुखले तर लगेच डॉक्टर गाठा.

तुमची अडचण वजनापेक्षा साखरेची असेल, तर याच कुळातली एक गोळी आहे: सिटाग्लिप्टिन. ती शरीरातले इन्क्रेटिन लवकर नष्ट होऊ देत नाही. २०२२ मध्ये तिचे पेटंट संपले आणि त्याच वर्षी जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या १० गोळ्या ६० रुपयांना आल्या. आजचा भाव केंद्रावर विचारून घ्या. या गोळीने वजन उतरत नाही. १४,६७१ रुग्णांच्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका तिने ना वाढवला, ना घटवला. साखर मात्र कमी होते.

चालू असलेली गोळी स्वतःहून बदलू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांनाच विचारा. वय ३० च्या पुढे असेल आणि साखर कधीच तपासली नसेल, तर जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ती तपासणी मोफत होते.