आधी ऐका, मग पाना उचला

एका वाचकाने या आठवड्यात पाठवलेलं अंदाजपत्रक वाचून मला संताप आला. त्याची तक्रार एवढीच होती, की गाडी उभी असताना स्टीअरिंग फिरवलं की किरकिरतं. त्यावर सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं, 'स्टीअरिंग रॅक असेंब्ली बदलणे', आणि समोर पाच आकडी रक्कम. तीच किरकिर नंतर गावातल्या एका गॅरेजमध्ये बोटभर सिलिकॉन ग्रीसने थांबली.  

दोन्ही ठिकाणी गाडी तीच आणि आवाजही तोच होता. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने एसी चालू ठेवून रहदारीतून एक चक्कर मारली आणि जॉबकार्डवर 'स्टीअरिंगमधून आवाज' असं लिहिलं. मालकाने सांगितलेलंच त्याने पुन्हा लिहिलं, शोध काहीच घेतला नाही. गॅरेजवाल्या मिस्त्रीने गाडी जागेवरून हलवलीही नाही. पंखा, रेडिओ बंद केला, पोऱ्याला स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि स्वतः पेडलांपाशी कान नेला. मग बॉनेट उघडून स्ट्रटच्या माथ्यावर तळहात ठेवला, स्प्रिंगला हात लावून पाहिला. स्ट्रटचं कोरडं बेअरिंग अडकत फिरतं तेव्हा स्प्रिंग पिळून अचानक सुटते. तो झटका हाताला कळतो, पुष्कळदा 'टण्ण' असा आवाजही येतो. इथे तसं काही जाणवलं नाही.

त्याची पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. त्याने पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली आणि पुन्हा स्टीअरिंग फिरवायला लावलं. स्ट्रटचं बेअरिंग गाडीचा भार पेलत फिरतं, आणि चाकं जमिनीवर असताना खालच्या बॉल जॉइंटवरही ताण असतो. भार उतरला की त्यांचा आवाज सहसा बदलतो किंवा बंदच होतो. चाकं अधांतरी असतानाही किरकिर तशीच राहिली, म्हणजे संशय वर, स्टीअरिंग कॉलमकडे सरकला. स्टीअरिंगचा दांडा केबिनमधून इंजिनाच्या बाजूला जातो, तिथे रबरी सील असतं. त्याच्या ओठावर धूळ आणि चिखल वाळून बसला होता. पुसून ग्रीस लावल्यावर आवाज गेला. रॅकला कोणी हातही लावला नाही.

हाच आवाज थेट स्टीअरिंगच्या चाकातून, हाताखालून घासल्यासारखा आला असता तर मिस्त्रीने क्लॉक स्प्रिंगकडे पाहिलं असतं. हॉर्न आणि एअरबॅगची जोडणी फिरत्या चाकापर्यंत नेणारी ही गुंडाळलेली पट्टीसारखी केबल असते. जुलै 2019 पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांमध्ये ती असतेच. तिथे घरी हात घालू नका. आधी बॅटरी सोडवावी लागते, काही वेळ थांबावं लागतं, आणि बसवताना केबल बरोबर मध्यावर ठेवावी लागते. तसं केलं नाही तर ती तुटते आणि एअरबॅगचा दिवा लागतो.

जुन्या हायड्रॉलिक स्टीअरिंगच्या गाडीत गोष्ट वेगळी. इंजिन चालू असताना स्टीअरिंग टोकाला नेलं की येणारा किंचाळणारा आवाज बहुधा ढिल्या किंवा गुळगुळीत झालेल्या बेल्टचा असतो. इलेक्ट्रिक स्टीअरिंगच्या नेहमीच्या छोट्या गाड्यांत ना तो बेल्ट, ना ते तेल. तरीही 'स्टीअरिंगचं तेल टाकून बघू' असं सांगणारे भेटतात. त्यांच्याकडून गाडी लगेच परत घ्या.

आणि तेलाचा फवारा! कोणत्याही किरकिरीवर पातळ तेलाचा स्प्रे मारणं हा इलाज नाही. काही दिवस आवाज दबतो, आतलं होतं नव्हतं ग्रीस धुऊन जातं, खनिज तेलाने काही रबरं फुगतात, आणि मूळ जागा शोधणं आणखी अवघड होतं. रबराला सिलिकॉन ग्रीस लागतं, तेही जागा सापडल्यावरच.

किरकिरीऐवजी 'टकटक' येत असेल, स्टीअरिंग जड झालं असेल किंवा वळणानंतर आपोआप सरळ येत नसेल, तर थांबू नका. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट लगेच तपासून घ्या.

माझा खरा राग मात्र एकट्या सर्व्हिस सेंटरवर नाही. ऐकण्याचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. मिस्त्रीने अर्धा तास आवाजाचा माग काढला तर 'केलं काय, नुसतं तपासलं' म्हणून त्याच्याशी घासाघीस करतो, आणि नव्या पार्टचं खोकं दिसलं की मुकाट पैसे मोजतो. असं चाललं तर हुशार माणूसही पार्टच बदलेल. म्हणून पुढच्या वेळी गाडी सोडताना तपासणीची मजुरी आधी ठरवा आणि ती मनापासून द्या. आवाज नेमका कुठून येतो आणि तो कसा ओळखला, हे जॉबकार्डवर लिहून मागा. ते लिहून मिळेपर्यंत रॅक बदलायला होकार देऊ नका.