मेंदू तोच, कपडे वेगळे!

कुर्ता एकच. जीन्सवर घातला की ऑफिस, ओढणी घेतली की साखरपुडा. कपाटाशी आपण जो खेळ करतो, तोच केंब्रिजच्या रास्पबेरी पायवाल्यांनी चक्क कॉम्प्युटरशी केलाय.

२०१२ मध्ये त्यांचा पहिला बोर्ड आला. साधारण क्रेडिट कार्डाएवढा, किंमत ३५ डॉलर. त्यावर चिप होती ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५. (नाव पाठ करू नका, परीक्षेला नाहीये!) २०१४ मध्ये हीच चिप लॅपटॉपच्या रॅमसारख्या पट्टीवर जाऊन बसली. नाव, कम्प्यूट मॉड्यूल. २०१५ मध्ये पुन्हा तीच, जरा जास्त वेगाने पळवलेली, निम्म्याहून छोट्या ‘झीरो’वर. किंमत फक्त ५ डॉलर. ‘मॅगपाय’ मासिकाने तर तो अंकासोबत फुकट वाटला, बोला!

याचा फायदा काय? चिप बदलली की ड्रायव्हरपासून सगळी उस्तवार नव्याने. चिप तीच असेल तर घरच्या टेबलावर लिहिलेला प्रोग्रॅम कारखान्यातल्या मशीनमध्येही जवळपास तसाच चालतो.

पण खरी गंमत त्या पट्टीची. ती एकटी काही कामाची नाही. ती ज्यात खोचायची, तो बोर्ड मशीन बनवणारी कंपनी स्वतःच्या मापाने करून घेते. पोर्ट हवे तेवढे, हवे तिथे. पुढे जास्त दमाचा मेंदू हवा असेल तर नुसती पट्टी बदलायची. सॉलिड ना?

आणि मग २०२० मध्ये कम्प्यूट मॉड्यूल ४ आलं. दमदार, पीसीआय एक्स्प्रेसवालं, पण आकारच वेगळा! ५५ बाय ४० मिलिमीटरचा तुकडा, खाली १०० पिनांचे दोन कनेक्टर. जुन्या खाचेत ते बसणार कसं? म्हणजे नवा बोर्ड, नवी टेस्टिंग, पुन्हा सर्टिफिकेटसाठी खेटे. वर्षाला शेपन्नास मशीन विकणाऱ्या छोट्या कंपनीचं तर कंबरडंच मोडायचं. आपण फोनचा चार्जर बदलला तरी महिनाभर कुरकुरतो, राव.

मग २०२२ मध्ये ऐन चिपटंचाईत ‘४ एस’ आलं. मेंदू ४ चाच, पट्टी मात्र जुन्या मापाची! माझ्या मते हा त्यांचा सगळ्यात शहाणा प्रॉडक्ट. दिसायला अगदीच बोअर, त्यामुळे मिरवला कोणीच नाही.

२०२४ मध्ये कम्प्यूट मॉड्यूल ५ आलं. माप? ५५ बाय ४०.